लाल शाई

रात्री पावणेतीनला सुई टोचली आणि तो माझ्या खोलीत आला सकाळी सव्वाअकराला. इंटर्न. मेडिसिनच्या पुरुष वॉर्डात चौदा नंबरच्या खाटेवरच्या पेशंटचं रक्त काढलं, सुईला टोपण परत घालायला गेला आणि ती डाव्या हाताच्या बोटात शिरली. मधले साडेआठ तास त्याने काय केलं, तर बोट पिळून पिळून रक्त काढलं, त्यावर स्पिरिट ओतलं, मग डेटॉल ओतलं आणि ड्यूटी रूमचं दार लावून मोबाईलवर वाचत बसला. रेसिडेंटला सांगितलं नाही, सिस्टरला सांगितलं नाही. सांगितलं तर बॅचमध्ये बभ्रा होईल, ही भीती.

करायचं होतं ते फार थोडं होतं. वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुवायचा, बोट पिळायचं नाही आणि तडक कॅज्युअल्टी गाठायची. तिथल्या कपाटात पीईपीच्या, म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठीच्या, गोळ्या दिवसरात्र ठेवलेल्या असतात. पहिली गोळी दोन तासांच्या आत गेली तर उत्तम. 72 तास उलटल्यावर तिचा उपयोग नाही. रोज एक, अशा 28 दिवस घ्यायच्या. ते कपाट त्याच्या वॉर्डापासून दोन जिने खाली होतं आणि हा पोरगा त्याच्या डोक्यावर दोन मजले वर रात्रभर रडत बसला होता.

मायक्रोबायोलॉजीत त्याला डिस्टिंक्शन होतं. विषाणूच्या आवरणावरची प्रथिनं त्याने त्या अवस्थेतही मला घडाघडा सांगितली : जीपी 120, जीपी 41, आतलं पी 24. अशी सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याचा धोका किती, हे विचारलं तर म्हणाला, "पन्नास टक्के तरी असेल ना, मॅडम?" हजारात तीन असतो. तोही पेशंट उपचारावर नसेल तर. मग मी विचारलं, "हेपॅटायटिस बीची लस पूर्ण झालीय का रे?" तर दोन डोस झालेले, तिसरा राहिलेला. लस न घेतलेल्या माणसाला तशाच सुईतून हेपॅटायटिस बी होण्याचा धोका 30 टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे एचआयव्हीच्या शंभरपट. ज्या विषाणूवर लस आहे त्याची लस याने अर्धवट सोडली होती आणि ज्यावर लस नाही त्याच्या नावाने रात्र जागून काढली होती.

चौदा नंबरचा पेशंट तीन वर्षं नियमित गोळ्या घेतोय. त्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही, इतका तो दाबला गेलाय. ते फाईलच्या आतल्या पानावर लिहिलेलं होतं. पण आतलं पान उघडायची गरज कोणाला वाटावी? वरच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं : एचआयव्ही पॉझिटिव्ह. ते अक्षर मी ओळखलं. पेशंटला भरती करून घेताना याच इंटर्नने ते लिहिलं होतं.

मी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक आहे. सतरा वर्षं एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बसते. मी डॉक्टर नाही आणि ही गोष्ट मला इथे महिन्यातून दोनदा तरी ऐकवली जाते. त्यामुळे सांगते ते डॉक्टरकीच्या अधिकाराने सांगत नाही. रिपोर्ट हातात पडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मी रोज समोरून बघते आणि त्या माणसाला आपल्या वॉर्डांमध्ये, आपल्या होऊ घातलेल्या डॉक्टरांकडून काय वागणूक मिळते तेही रोज बघते. त्या अधिकाराने बोलते आहे.

गेल्या 1 डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, मला थर्ड इयरच्या मुलांसमोर उभं केलं. बाहेर लाल रिबिनीची रांगोळी, भिंतीवर पोस्टर स्पर्धा. मी मुलांना विचारलं, एचआयव्हीवर लस यायला हवी आणि त्यासाठी माणसांवर चाचण्या व्हायला हव्यात असं किती जणांना वाटतं? सगळे हात वर. मग विचारलं, उद्या इथेच चाचणी सुरू झाली तर तुमच्यापैकी कोण नाव देईल? दोन हात. त्यातला एक शेजारच्याने ओढून खाली घेतला.

नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. चाचणीत भाग घेणं ही कोणावर लादायची गोष्ट नाही, तसं लादणं गुन्हा आहे आणि तसा गुन्हा आपल्या देशात झालेला आहे. माझा राग त्यांच्या नकारावर नव्हता. नकारामागची कारणं ऐकली आणि माझ्या पायाखालची फरशी हलली.

पहिली मुलगी उठली आणि म्हणाली, "लसीतूनच एचआयव्ही झाला तर?" वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. एचआयव्हीच्या चाचणीतल्या लसींमध्ये जिवंत एचआयव्ही नसतो. फेब्रुवारी 2005 मध्ये आपल्या पुण्यात, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, देशातली पहिली एचआयव्ही लसीची चाचणी सुरू झाली. त्या लसीत माणसाला अपाय न करणाऱ्या एका वेगळ्याच विषाणूच्या खोळीत एचआयव्हीच्या काही जनुकांचे तुकडे घातले होते. ते तुकडे आपल्याकडे सर्वाधिक आढळणाऱ्या सी उपप्रकाराचे होते. त्यातून एचआयव्ही तयार होणं शक्यच नव्हतं. तीस निरोगी माणसांनी त्या चाचणीत भाग घेतला. लस सुरक्षित ठरली, पण शरीराचा प्रतिसाद फारच कमकुवत आला आणि ती पुढे गेली नाही. त्या तीस जणांची नावं कोणाला ठाऊक नाहीत आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही. पण अशी चाचणी इथे झाली होती, एवढं तरी त्या हॉलमधल्या एकाला माहीत असायला हरकत नव्हती. कोणालाच नव्हतं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हाय रिस्क लोकांवर करा ना. त्यांना फायदाही होईल." हाय रिस्क म्हणजे कोण, हे त्याला विचारावं लागलं नाही, हसणाऱ्यांनीच सांगितलं. वेश्यावस्तीतल्या बायका, ट्रक ड्रायव्हर, हिजडे, कैदी. या मुलांनी फार्माकोलॉजीत चाचणीचे टप्पे पाठ केलेत. पहिल्या टप्प्यात थोड्या निरोगी, संसर्गाचा धोका कमी असलेल्या माणसांवर फक्त सुरक्षितता तपासतात, हे त्यांना लिहिता येतं, त्यावर मार्क मिळतात. निरोगी, धोका कमी असलेली माणसं म्हणजे आपणच, हे मात्र त्यांच्या गावीही नाही. दुसऱ्याचं शरीर वापरायचं आणि फायदा आपल्या पेशाने मोजायचा, ही वृत्ती बाविसाव्या वर्षी पक्की झाली असेल तर पुढे तिला कोण आवरणार?

हे मुंबईच्या मुलांना तर खासच सांगावंसं वाटतं. 1897 साली प्लेगने शहर ओस पडत असताना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत वाल्डेमार हाफकिनने प्लेगची लस बनवली आणि 10 जानेवारीला ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांकडे गेली. कैद्यांवरचा तो प्रयोग आज कोणतीही नैतिकता समिती मान्य करणार नाही आणि करूही नये. पण क्रम बघा. पहिला दंड त्याचा स्वतःचा होता.

आणि लसींचा इतिहास म्हणजे नुसत्या पराक्रमाच्या गोष्टी नाहीत, हेही मी त्या मुलांना सांगितलं. त्याच हाफकिनच्या लसीने 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी धनुर्वाताने 19 माणसं दगावली. 2010 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्यात आदिवासी आणि गरीब घरच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस टोचण्याचा प्रकल्प सरकारला थांबवावा लागला. आंध्रात कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या. मुलीच्या आईबापांनी नाही, वॉर्डनने. 2007 मध्ये एचआयव्हीच्याच एका लसीची चाचणी अर्ध्यावर थांबवली, तेव्हा काही गटांमध्ये लस घेतलेल्यांतच संसर्ग जास्त दिसला होता. म्हणजे घाबरायला, प्रश्न विचारायला जागा आहे, भरपूर आहे. संमतीपत्रावर सही कोणाची, इजा झाली तर भरपाई कोण देणार, चाचणी थांबवायचा अधिकार कोणाकडे, मधूनच बाहेर पडता येतं का? यातला एक जरी प्रश्न त्या हॉलमधून आला असता तरी मी समाधानाने घरी गेले असते. आला नाही. जाणून घेऊन नकार देणाऱ्यासमोर मी मान तुकवीन. या मुलांचा नकार ऐकीव भीतीतून आलेला होता.

मग दुसऱ्या रांगेतल्या मुलाने ते विचारलं, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. "मॅडम, लस घेतल्यावर रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? लग्न कसं होणार?"

प्रश्न बरोबर आहे. त्याला कुठून कळलं माहीत नाही, पण त्या दिवशी विचारलेला हा एकच प्रश्न शास्त्रात बसणारा होता. लसीचं कामच शरीराला विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला लावणं आणि माझ्या खोलीत आम्ही जी झटपट तपासणी करतो ती प्रतिपिंडंच शोधते. त्यामुळे एचआयव्ही मुळीच नसताना लस घेतलेल्या माणसाची तपासणी रिॲक्टिव्ह येऊ शकते आणि तशी काही वर्षं येत राहू शकते. खरं काय ते विषाणूचं जनुकद्रव्य शोधणाऱ्या वेगळ्या तपासणीत कळतं. म्हणून अशा चाचण्यांमध्ये स्वयंसेवकाला ओळखपत्र देतात आणि योग्य तपासणीची सोयही करतात.

आता त्या स्वयंसेवकाचं पुढे काय होईल ते बघा. समजा त्याला अपघात झाला आणि तो आमच्याच कॅज्युअल्टीत आला. ओळखपत्र घरी राहिलं. इंटर्नने न विचारता रक्त पाठवलं, कारण न विचारता पाठवायची सवय आहे. रिपोर्ट रिॲक्टिव्ह. फाईलवर लाल शाई. बाहेर बाकावर बसलेल्या भावाला, "त्यांना एचआयव्ही आहे, माहीत होतं का तुम्हाला?" बस. संध्याकाळपर्यंत गाव, आठवड्यात नोकरी, महिन्यात संसार. यातली कोणती इजा लसीने केली? सगळी आपण केली. लग्न मोडायची भीती घालणारा रिपोर्ट लॅबमध्ये तयार होत असेल, पण लग्न मोडतं ते फाईलवरच्या त्या दोन लाल रेघांनी आणि बाकावरच्या त्या एका वाक्याने.

मी त्या मुलाला हेच सांगितलं. बाळा, तुला लसीची भीती नाही वाटत. पॉझिटिव्ह माणसाला आपण कसं वागवतो ते तू गेल्या दोन वर्षांत वॉर्डात पाहिलंयस आणि ती वागणूक आपल्या वाट्याला येऊ नये असं तुला वाटतंय. हॉल एकदम शांत झाला. डीनसर घड्याळ बघत होते.

पॉझिटिव्ह या एका शब्दाने काय होतं ते आपल्या शेजारी, गोव्यात, 1989 साली घडलं आहे. डॉमिनिक डिसूझा नियमित रक्तदान करायचा. त्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि सरकारने त्याला पोलिसांकरवी उचलून एका जुन्या क्षयरुग्णालयात दोन महिन्यांहून जास्त काळ कोंडून ठेवलं. गोव्याच्या कायद्यात तशी तरतूदच होती. त्याच्या आईला, लुसी डिसूझांना, मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. दुसऱ्याच्या उपयोगी पडावं म्हणून दंड पुढे केलेल्या माणसाला आपण हे बक्षीस दिलं. आज कायदा उलटा आहे. 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, माणसाची स्थिती संमतीशिवाय कोणाला सांगता येत नाही, रुग्णालयात भेदभाव करता येत नाही. आमच्या रुग्णालयातल्या किती फायली या कायद्याच्या कचाट्यात सापडतील ते मी मोजत नाही. मोजायला गेले तर खोलीचं काम बंद पडेल.

पण मुलांवर सगळं ढकलून मी मोकळी होणार नाही. त्यांनी हे कुठे शिकलं? पॉझिटिव्ह पेशंटची शस्त्रक्रिया यादीत सर्वांत शेवटी लागते ते त्यांनी पाहिलं. दोन दोन हातमोजे, बाजूला काढलेली खाट, राऊंडला त्या खाटेशी आल्यावर इंग्रजीत खाली येणारा सरांचा आवाज, हे सगळं त्यांनी पाहिलं. रक्ताची काळजी प्रत्येक पेशंटच्या बाबतीत सारखीच घ्यायची असते, कारण ज्याचं माहीत नाही त्याच्याकडूनच धोका जास्त. हे तत्त्व पुस्तकात आहे आणि वॉर्डात त्याच्या विरुद्ध वागणारे हातही आहेत. मुलं हात बघून शिकतात. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे. मोठ्या आशेने मी तेव्हा विभागप्रमुखांकडे गेले होते की या मुलांना आठवडाभर माझ्या खोलीत पाठवा. उत्तर मिळालं की लॉगबुकात सह्या झाल्यात, आता त्यांना वेळ नाही.

आणि ज्या शिक्षकांना वाटतं की विद्यार्थ्यांकडून एवढी अपेक्षा करणं जास्तच झालं, त्यांनी 1986 चं मद्रास आठवावं. देशात एड्स नाही, तो परक्यांचा रोग, असं मोठमोठे लोक म्हणत होते. मद्रास मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या प्राध्यापक सुनीती सॉलोमन होत्या, माहेरच्या गायतोंडे, आपलंच माणूस. त्यांनी सेल्लप्पन निर्मला नावाच्या पदव्युत्तर विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय दिला : इथे एचआयव्ही आहे का, शोध. ती मुलगी सुधारगृहात ठेवलेल्या बायकांकडे गेली, त्यांच्याशी बोलली, रक्ताचे नमुने घेतले, घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि वेल्लोरला नेऊन तपासून घेतले. भारतातला पहिला एचआयव्ही एका विद्यार्थिनीने शोधला. आपल्या मुलांना हिचं नाव व्हायव्हात कोणी विचारत नाही.

"चाळीस वर्षं झाली, काही होत नाही, उगाच पैसे घालवतात," असंही एक जण म्हणाला. 1984 मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी सांगितलं होतं की दोनेक वर्षांत लस चाचणीला तयार होईल. त्यानंतर काय काय कोसळलं ते खरंच आहे. थायलंडमध्ये सोळा हजारांवर माणसांनी भाग घेतला आणि 2009 मध्ये कळलं की संरक्षण 31 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वापरात आणण्याजोगं नाही. दक्षिण आफ्रिकेतली 5407 जणांची चाचणी 2020 मध्ये थांबली, अमेरिका-युरोपातली आणखी एक 2023 मध्ये. हा विषाणू पेशींच्या जनुकांतच जाऊन बसतो आणि रोज रूप बदलतो, म्हणून लस अवघड आहे. पण फसलेल्या प्रत्येक चाचणीने एक वाट बंद असल्याचं दाखवलं आणि ते दाखवायला हजारो दंड लागले. त्यात डॉक्टर किती आणि शिवणकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायका किती, याचा विचार या मुलाने करावा.

आणि सगळंच फसलं असं तरी कोणी सांगितलं? आज आम्ही रिपोर्ट आल्याबरोबर गोळ्या सुरू करतो. वाट बघत नाही. विषाणू दाबला गेला की जोडीदाराला संसर्ग होत नाही, असं मी रोज नवरा-बायकोला समोर बसवून सांगते. हे ठामपणे सांगता येतं त्यामागे एका मोठ्या चाचणीचा हात आहे. तिच्यात एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशी 1763 जोडपी होती. उपचार लवकर सुरू केला तर जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो, असा निकाल 2011 मध्ये आला. त्या जोडप्यांमध्ये पुण्याची आणि चेन्नईची जोडपी होती. इंटर्न गोळ्यांची जी चिठ्ठी दोन ओळींत खरडतो तिच्यामागे पुण्यातल्या कुठल्या तरी चाळीतली बाई आहे. ती महिन्यामहिन्याला भोसरीला जाऊन रक्त देत राहिली, नवऱ्याचा आजार शेजारणीपासून लपवत राहिली. तिला चाचणीचे टप्पे पाठ नव्हते. पण आपण कशासाठी जातोय हे तिला नीट समजावून सांगितलं गेलं होतं आणि समजून घेऊन ती गेली. समजावून सांगणारं माणूस तिला भेटलं. उद्या एखादी बाई माझ्याऐवजी या मुलांपैकी कोणाला विचारेल, "डॉक्टर, त्या लसीच्या चाचणीत नाव देऊ का?" तेव्हा तो काय सांगणार आहे? लसीतून एचआयव्ही होतो?

त्या इंटर्नचं सांगायचं राहिलं. त्याला मी स्वतः कॅज्युअल्टीत नेलं, पहिली गोळी त्याने माझ्यासमोर घेतली. हेपॅटायटिसचा तिसरा डोस त्याच आठवड्यात झाला. 28 गोळ्या त्याने चुकवल्या नाहीत. तीन महिन्यांच्या तपासणीसाठी आला तेव्हा आधी दाराबाहेर उभा राहून पॅसेज रिकामा होण्याची वाट बघत होता. आत आला, दार लावून घेतलं. मी रजिस्टर उघडलं.

"मॅडम," तो म्हणाला, "माझं नाव लिहायलाच हवं का?"

चौदा नंबरच्या पेशंटने भरती झाल्याच्या दिवशी मला हेच विचारलं होतं. अगदी याच शब्दांत. मी ते त्याला सांगितलं आणि रक्ताची बाटली पुढे केली.